एकच सा, तीन कागद

१. क्लॅरिनेटची ओळ का सरकली?

शाळेच्या बँडसाठी गाणं बसवणाऱ्या माणसाला संगणकासमोर बसल्यावर लवकरच एक प्रश्न पडतो. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं. ते पेटीवर तर आहेच, पण बँडवरही वाजावं असं शाळेला वाटणं साहजिक आहे. शिक्षकांनी पेटीवर सरगम काढलेली असते. म्यूझस्कोअरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडायचं, फ्लूट, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, आल्टो सॅक्सोफोन अशा ओळी मांडायच्या, फ्लूटच्या ओळीत चाल लिहायची आणि तीच उचलून बाकीच्या ओळींत चिकटवायची. मग पडद्यावर जे दिसतं त्यानं माणूस चक्रावतो. फ्लूटला जो स्वर सी म्हणून लिहिला तोच क्लॅरिनेटच्या ओळीत डी झालेला असतो आणि सॅक्सोफोनच्या ओळीत ए. ओळीच्या सुरुवातीला कुठे दोन शार्प, कुठे तीन. वाजवून पाहिलं तर मात्र सगळी वाद्यं एकाच सुरात! गाणं एका सुरात असताना कागद तीन सुरांत का, आणि हे दुरुस्त करायचं की तसंच ठेवायचं, हा तो प्रश्न.

थोडक्यात सांगायचं तर ते तसंच ठेवायचं असतं. पण नुसतं एवढं उत्तर ऐकून भागत नाही. हा प्रश्न वर वर सॉफ्टवेअरचा दिसतो. मुळात तो कागदावर नेमकं काय लिहायचं याचा आहे. त्याला एकाहून अधिक उत्तरं आहेत, ती आपल्याकडे शंभर वर्षं शेजारी शेजारी नांदत आली आहेत, आणि संगणकाला ती सगळी एकाच वेळी सांभाळावी लागतात. हे ध्यानात आलं की ‘ट्रान्स्पोज’ या मेनूतली बहुतेक गूढं सुटतात.

२. नातं, उंची आणि बोट

पहिलं उत्तर नाशिककरांच्या घरचं आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि पुढे १९२२ च्या सुमारास नाशिकच्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. शिष्यांना एकत्र बसवून, छापील पुस्तकं हाती देऊन गाणं शिकवायचं तर स्वर लिहिण्याची पद्धत हवीच. ती पलुस्करांनी आपली स्वतःची बनवली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी दुसरी बनवली, चिन्हांना सोपी, आणि आज पुस्तकांत जास्त दिसते ती तीच. दोन्ही पद्धतींत खुणा निराळ्या असल्या तरी एक गोष्ट समान आहे. कागदावर ‘ग’ लिहिलं तर तो किती उंच हे त्यात येत नाही. तो सा पासून किती दूर एवढंच येतं. सा कुठे धरायचा हे गाणाऱ्याच्या गळ्यावर सोपवलेलं असतं. पुरुषाचा गळा काळी एकला बसला काय आणि बाईचा काळी चारला बसला काय, सरगमीतलं एक अक्षर बदलावं लागत नाही. या लेखनाला आपण नात्याचं लेखन म्हणू.

दुसरं उत्तरही नाशिकपासून लांबचं नाही. देवळाली ही इंग्रजांच्या काळातली लष्करी छावणी. पलटणींबरोबर बँड असत आणि बँडचे कागद स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेले असत. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यानं ही परंपरा टिकवली. लष्करी वादकांचं शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्यूझिक विंगमध्ये होतं, ती १९५० मध्ये सुरू झाली. पाच रेषांवरची खूण सा वगैरे जाणत नाही. अमुक रेषेवरचा स्वर म्हणजे पेटीची अमुक पट्टी, एवढंच ती सांगते. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, पांढरी सहा ए. हे उंचीचं लेखन झालं. इथे गाणं एका पट्टीनं जरी वर न्यायचं म्हटलं तरी प्रत्येक टिंब हलवावं लागतं.

आता तिसरं उत्तर, ज्याच्यामुळे आपला शिक्षक चक्रावला. बँडमधल्या बऱ्याच वाद्यांचे कागद उंचीही सांगत नाहीत आणि नातंही सांगत नाहीत. ते बोटं सांगतात. ट्रम्पेटच्या कागदावर सी लिहिला असेल तर त्याचा अर्थ ‘एकही वॉल्व्ह न दाबता फुंक’ असा होतो. त्यातून जो सूर निघतो तो पेटीवर काळी पाच असतो, म्हणजे बी फ्लॅट. म्हणून त्या ट्रम्पेटला बी फ्लॅटचा ट्रम्पेट म्हणतात; सुरुवातीला पाहिलेली क्लॅरिनेटही बी फ्लॅटचीच. आल्टो सॅक्सोफोनवर सी ची बोटं ठेवली की काळी दोन ऐकू येते. ते ई फ्लॅटचं वाद्य. फ्रेंच हॉर्नचा सी म्हणजे पांढरी चार. वाद्याच्या नावापुढे लागलेलं ते अक्षर एवढंच सांगत असतं, की या वाद्यवाल्याला सी लिहून द्याल तर पेटीवरची कोणती पट्टी ऐकू येईल.

नदीकाठच्या उतारावर बांधलेला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडून आत आलं की जी खोली तळमजल्यावर, तीच घाटाकडच्या दारानं आलं की पहिल्या मजल्यावर. खोली जागची हललेली नाही. कोणत्या दारानं आलात त्यावर मजल्याचा आकडा ठरतो. फ्लूटचा सी, ट्रम्पेटचा डी आणि सॅक्सोफोनचा ए ही त्याच खोलीची तीन नावं आहेत.

३. अशी वाद्यं कुणी आणि का केली?

हा घोळ कुणीतरी अडाणीपणानं घालून ठेवला असेल, असं वाटण्याचा संभव आहे. तसं नाही. अडॉल्फ साक्सनं १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं तेव्हा त्यानं एक वाद्य केलं नव्हतं, लहानमोठ्या वाद्यांचं सबंध कुटुंब केलं होतं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन. लष्करी बँडमधली ही वाद्यं आलटून पालटून बी फ्लॅट आणि ई फ्लॅटची. नळी जितकी लांब तितका सूर खाली, पण बोटांची मांडणी सगळीकडे सारखीच. आल्टो वाजवणाऱ्याच्या हाती ऐन वेळी टेनर दिला तरी त्यानं बोटं नव्यानं शिकायची नाहीत, कागद फक्त त्या वाद्याचा घ्यायचा. स्वर बदलण्याची कटकट वादकाच्या डोक्यातून काढून लिहिणाऱ्याच्या टेबलावर ठेवली, असा हा सौदा होता. पलटणीत आज एक वादक आजारी, उद्या दुसऱ्याची बदली. तिथे हा सौदा फायद्याचाच.

आपल्याकडेही हा सौदा आहे, फक्त कागदावर न उतरल्यामुळे तो दिसत नाही. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा सांगाडा सरकवता येतो. वादक बोटं पांढरी एकवर ठेवतो आणि ऐकू येते काळी एक किंवा पांढरी दोन. बोटं तीच, सूर दुसरा; ट्रम्पेटहून हे निराळं काय आहे? बासरीवाला तर याहून पुढे गेला. त्याच्या पिशवीत बासऱ्यांचा जुडगा असतो आणि प्रत्येक बासरीचं नाव तिच्या सा वरून, म्हणजे पहिली तीन छिद्रं बंद केल्यावर निघणाऱ्या सुरावरून पडतं. गायकानं सा सांगितला की त्या सा ची बासरी काढायची आणि ओळखीची बोटं टाकायची. त्याला सरगम लिहून दिली तर तो कागद नात्याचाही झाला आणि बोटांचाही. आपल्या परंपरेत नातं आणि बोट इतकी जवळ राहिली, की त्यांच्यासाठी निरनिराळे कागद करण्याची वेळ सहसा आली नाही.

ती वेळ आली मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत. संगीतकार चाल गुणगुणून किंवा पेटीवर सांगायचा. सहाय्यक ती सरगमीत टिपून घ्यायचे. मग अरेंजर ती पाच रेषांवर मांडायचा आणि त्यातून एकेका वाद्याचा कागद उतरवला जायचा. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट हे गोव्याकडचे लोक या कामात वाकबगार होते, कारण गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्टाफ नोटेशन शिकवलं जाई. नात्यातून उंची आणि उंचीतून बोट हा सबंध प्रवास ते शाई न् कागदावर करायचे. आज संगणक करतो ते त्यातलं शेवटच्या टप्प्याचं काम, आणि तेही बऱ्यापैकीच.

४. थोडं गणित

भूप घेऊ. सा रे ग प ध सां. सा पांढरी एक धरला तर फ्लूटच्या कागदावर सी, डी, ई, जी, ए, सी. ट्रम्पेटचा सी काळी पाचला वाजतो. तिथून पांढरी एकपर्यंत दोन पट्ट्या वर चढावं लागतं (पांढरी सात, मग पांढरी एक). म्हणून ट्रम्पेटच्या कागदावरचं सगळं दोन पट्ट्या वर: डी, ई, एफ शार्प, ए, बी, डी. आल्टो सॅक्सोफोनचा सी काळी दोनला वाजतो. तिथून वरच्या पांढरी एकपर्यंत नऊ पट्ट्या. म्हणून ए, बी, सी शार्प, ई, एफ शार्प, ए. शिक्षकाला पडद्यावर दिसलं ते हेच.

ओळीच्या सुरुवातीला जे शार्प आणि फ्लॅट एकत्र लिहितात त्यांचा हिशेब याहूनही सोपा आहे. बी फ्लॅटच्या वाद्याला मूळ पट्टीपेक्षा दोन शार्प जास्त, ई फ्लॅटच्याला तीन, एफच्याला एक. फ्लॅट असतील तर ते उणे धरायचे. हे सूत्र पक्कं ठेवायचं कारण आपल्या गायकांच्या सवयीत आहे. पुरुष गायकानं काळी एक सांगितली आणि ती सी शार्प म्हणून लिहिली, तर मूळ ओळीलाच सात शार्प लागतात; ट्रम्पेटला दोन वाढवून नऊ. असा कागद कुणी छापत नाही आणि छापला तर कुणी वाचत नाही. तीच काळी एक डी फ्लॅट म्हणून लिहा. आता पाच फ्लॅट, म्हणजे उणे पाच. ट्रम्पेटला उणे तीन, तीन फ्लॅट. सॅक्सोफोनला उणे दोन, दोन फ्लॅट. दोन्ही कागद शाळकरी मुलालाही वाचता येतील असे. पेटीवर पट्टी तीच, गळा तोच. लिहिणाऱ्यानं सुरुवातीला कोणतं नाव घेतलं त्यावर सगळ्या बँडचं सुख अवलंबून. पट्टी बदलताना शार्प घ्यायचे की फ्लॅट हे सॉफ्टवेअर विचारतं, तो प्रश्न वाचल्याशिवाय ‘ओके’ दाबू नये.

५. एक बटण आणि एक हुकूम

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्सर्ट पिच’ नावाचं एक बटण असतं आणि ‘ट्रान्स्पोज’ नावाचा एक हुकूम असतो. दोन्ही केल्यावर पडद्यावरची टिंबं वरखाली सरकतात, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. पण बटणानं फक्त चष्मा बदलतो. ते सुरू असलं की सगळ्या ओळी खऱ्या उंचीवर दिसतात. बंद केलं की ज्याची त्याची ओळ त्याच्या बोटांप्रमाणे दिसते. आवाजात काडीचाही फरक पडत नाही. हुकूम मात्र संगीतच हलवतो. गाणं पांढरी एकवरून पांढरी दोनवर न्यायचं असेल तेव्हा सगळं निवडून तो द्यायचा, आणि त्यानंतर ते खरोखर वरच्या पट्टीत वाजायला लागतं.

आता आपल्या शिक्षकाची चूक कशी होते पाहा. ट्रम्पेटच्या ओळीत सी च्या जागी डी दिसला. ‘ओळ एक स्वर वर गेली’ असं समजून त्यानं ती ओळ निवडली आणि ट्रान्स्पोज करून एक स्वर खाली आणली. आता पडद्यावर फ्लूटला सी आणि ट्रम्पेटलाही सी. नजरेला छान जुळलं. कागद छापले. तालमीत फ्लूट पांढरी एक वाजवतो तेव्हा ट्रम्पेट काळी पाच, आणि दोन सूर एकमेकांना चावतात. मग दोष दिला जातो ट्रम्पेट वाजवणाऱ्या पोराच्या कानाला. खरं तर नुसतं प्ले दाबून दोन ओळी ऐकल्या असत्या तरी चूक कळली असती, कारण सॉफ्टवेअर वाजवतं ते नेहमी खऱ्या उंचीवर. डोळ्यांनी जुळवू नये, कानांनी जुळवावं, एवढं पथ्य पुरे. रचना करताना बटण सुरू ठेवावं म्हणजे स्वरमेळ दिसतो, आणि वादकांचे कागद छापताना ते आठवणीनं बंद करावं.

६. संगणक दोन आकडे का जपतो?

संगणकाला ट्रम्पेटची ओळ सरकवायला ‘दोन पट्ट्या’ एवढं सांगितलं की काम व्हावं, असं वाटेल. होत नाही. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात स्कोअर नेण्यासाठी म्यूझिकएक्सएमएल नावाची फाइल वापरतात. तिच्यात बी फ्लॅटच्या वाद्यापुढे दोन आकडे लिहिलेले असतात, उणे एक आणि उणे दोन. दुसरा आकडा पट्ट्यांचा. पहिला अक्षरांचा: लिहिलेल्या डी वरून ऐकू येणाऱ्या सी कडे येताना नाव एका अक्षरानं मागे यायला हवं.

याचं महत्त्व तोडीत कळतं. सा पांढरी एक धरून तोडीचे स्वर लिहिले तर सी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, ए फ्लॅट, बी. ट्रम्पेटसाठी अक्षर आणि पट्टी दोन्ही सांभाळून वर नेलं तर डी, ई फ्लॅट, एफ, जी शार्प, ए, बी फ्लॅट, सी शार्प. सात स्वर, सात अक्षरं, प्रत्येकाला आपापली जागा. पण नुसत्या पट्ट्या मोजल्या तर ई फ्लॅटच्या जागी डी शार्प लिहिण्यापासून यंत्राला कोण अडवणार? पट्टी तीच आहे. मात्र डी ही आता सा ची जागा, म्हणजे कागदावर कोमल रिषभ चढलेल्या षड्जासारखा दिसतो आणि रे ची जागा मोकळी पडते. सरगम वाचणाऱ्याला हे चुकीचं आहे हे क्षणात कळेल, कारण सरगमीत कोमल झाला तरी रे हा रेच राहतो. म्हणून पहिला आकडा. पाश्चात्त्य लेखनात नात्याची जी थोडीफार जाण आहे ती या अक्षरांच्या हिशेबात आहे. ‘फिनाले’ हे १९८८ पासूनचं नामांकित सॉफ्टवेअर. त्याच्या कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा विकास थांबवला आणि अनेकांना आपले जुने स्कोअर याच फाइलीमार्फत दुसरीकडे हलवावे लागले. हलवल्यावर ओळी जागेवर राहिल्या की सरकल्या, हे या दोन आकड्यांवर ठरतं.

७. हे सगळं टाळता येणार नाही का?

पहिला आक्षेप असा: सगळ्यांना खरे सूर लिहून द्या आणि वादकांनीच ते आपापल्या वाद्यावर शोधावेत. हे अशक्य नाही. रेकॉर्डर नावाची बासरी वाजवणारे सी आणि एफ दोन्ही वाद्यांची बोटं वेगवेगळी शिकतात, आणि ट्रॉम्बोनवाले खालच्या सप्तकाच्या खुणेत खरे सूरच वाचतात. पण एका वादकानं आयुष्यात एकच वाद्य वाजवायचं असेल तरच हा मार्ग सोयीचा. शाळेत दरवर्षी मुलं बदलतात, वाद्यं कमी पडतात, क्लॅरिनेटवाल्याला सॅक्सोफोन धरावा लागतो. तिथे बोटांचा कागदच बरा.

दुसरा आक्षेप आपल्या अभिमानातून येतो आणि तो जास्त वजनदार आहे. सरगम हलवावीच लागत नाही, मग सगळा बँड सरगमीवर का नाही? वरती ‘सा काळी एक’ एवढं लिहिलं की उंचीही आली. एकाच चालीपुरतं हे मान्य करायला हवं. पेटी, बासरी, व्हायोलिन आणि समूहगान यांचं भागतं. पण वेगवेगळ्या वाद्यांना वेगवेगळे स्वर देऊन मेळ साधायचा असला की ट्रम्पेटवाल्याला दर वेळी ‘माझ्या वाद्यावर हा सा कुठे’ हे शोधावं लागतं, आणि प्रत्येकानं आपापला शोधला की काय होतं याचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५४ मध्ये, स्कुतारीच्या छावणीत राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात इंग्रजी पलटणींच्या बँडनी राष्ट्रगीत एकदम सुरू केलं, आणि जो तो आपल्या पट्टीत आणि आपल्या मांडणीत. तो गोंगाट ऐकून वरिष्ठांनी लष्करी संगीताची शाळा काढायचं ठरवलं, असं सांगतात; १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉल इथे ती सुरू झाली. एक गायक आणि एक साथीदार यांच्यात सा तोंडी ठरवता येतो. चाळीस जणांत तो कागदावरच ठरलेला असावा लागतो.

तिसरा आक्षेप उलट बाजूनं: मग संगणक आहेच, एका हुकमानं सगळं होईल. टिंबं सरकतील, हे खरं. पण ट्रम्पेटला वरचा सूर फुंकता येईल का, हे सरकवताना यंत्र पाहत नाही. फार तर म्यूझस्कोअर आवाक्याबाहेरची टिंबं रंगवून दाखवतं, तो इशारा समजायचा. गाणं दोन पट्ट्या वर नेलं तर तबला निराळा चढवावा लागतो आणि बासरी बदलावी लागते, हेही कुठल्या फाइलीत नसतं. आणि दरबारीचा कोमल गंधार पेटीच्या पट्टीवर मुळात बसतच नाही. सॉफ्टवेअर त्याला बाराच्या हिशेबात पकडतं आणि बाराच्या हिशेबातच सरकवतं. जे लिहिताना गळालं ते सरकवताना परत येणार नाही.

एक उपाय मात्र करण्यासारखा आहे. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचे शब्द टिंबांखाली लिहायची सोय असते. तिथे शब्दांऐवजी देवनागरीत सरगम लिहावी: सा, रे, ग. मग कागद ट्रम्पेटचा असो वा सॅक्सोफोनचा, बटण सुरू असो वा बंद, गाणं काळी एकला असो वा पांढरी चारला, वरची टिंबं हलत राहतात आणि खालची ओळ जशीच्या तशी बरोबर राहते. पेटीवाल्या गुरुजींना कुठलाही कागद दिला तरी ते त्यावरून मुलांची चूक दाखवू शकतात.